युरोपातली पगारी पीएचडी: जागा कुठे निघतात आणि अर्ज कसा करायचा

'जर्मनीत पीएचडीच्या ॲडमिशन कधी सुरू होतात?' हा प्रश्न एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात हमखास विचारला जातो, आणि गफलत तिथूनच सुरू होते. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क या देशांत, निदान विज्ञान आणि अभियांत्रिकीत, पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा ठरावीक मुदतीची नोकरी असते. प्राध्यापकाला एखाद्या प्रकल्पासाठी पैसे मंजूर होतात, त्यातून एक-दोन जागा निघतात, जाहिरात येते, मुलाखती होतात, करार होतो. विद्यापीठात डॉक्टरेटसाठी नाव नोंदवणं हे त्यानंतरचं काम. म्हणून तिथे पेटसारखी प्रवेश परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही, नेट-सेट झालंय का हेही कुणी विचारत नाही. जागा वर्षभर निघत राहतात आणि प्रत्येक जागेची शेवटची तारीख वेगळी असते.

अमेरिकेचं गणित निराळं आहे. तिथे विभागाकडे एकत्र अर्ज जातात, मुदत साधारण डिसेंबरात संपते, बीएस्सी किंवा बीटेकनंतरही थेट घेतात आणि पाच-सहा वर्षं लागतात. दोन्हीकडे एकच अर्ज थोडाफार फिरवून पाठवणाऱ्यांचं दोन्हीकडे नुकसान होतं. हा लेख युरोपापुरता, आणि त्यातही जर्मनीवर भर देणारा आहे, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांचा ओढा तिकडे मोठा आहे.

पात्रतेचं आधी उरकू. तीन वर्षांची बीएस्सी आणि दोन वर्षांची एमएस्सी चालते. नुसत्या चार वर्षांच्या बीटेकवर किंवा नव्या धोरणातल्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीवर जर्मनीत सहसा डॉक्टरेटची नोंदणी होत नाही. माक्स प्लांक या जर्मन संशोधन संस्थेच्या काही संशोधन शाळांमध्ये जलद मार्ग आहे, पण तो अपवाद समजावा. स्वीडनमध्येही मास्टर्स पातळीचं शिक्षण लागतंच. प्रयोगशाळेतला व्यवहार इंग्रजीत होतो, त्यामुळे विज्ञान-अभियांत्रिकीत जर्मन येत नसलं तरी अर्ज करता येतो. कायदा, इतिहास, साहित्य यांचं तसं नाही.

पगार किती, आणि '६५ टक्के' म्हणजे काय

जर्मन जाहिरातीत 'टीव्ही-एल ई-१३, ६५ टक्के' असं लिहिलेलं असतं. टीव्ही-एल म्हणजे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा वेतनतक्ता, आपल्या वेतन आयोगाच्या तक्त्यासारखा. ई-१३ ही मास्टर्स झालेल्यांची श्रेणी. २०२५ च्या तक्त्यात या श्रेणीचा पूर्णवेळ सुरुवातीचा पगार कपातीआधी महिना ४,६०० युरोच्या थोडा वर होता. ६५ टक्के म्हणजे त्यातले सुमारे ३,००० युरो. कर, आरोग्य विमा, पेन्शन आणि बेकारी विम्याची कपात होऊन एकट्या माणसाच्या हातात दोन हजारांच्या आसपास पडतात. म्युनिक सोडलं तर एवढ्यात नीट राहता येतं.

टक्केवारी विषयागणिक बदलते. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात ५० ते ६७ टक्के नेहमीचे, संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीत पुष्कळदा १०० टक्के, कारण तिथे उद्योगांशी स्पर्धा असते. ६५ टक्के लिहिलं म्हणून आठवड्यातले सव्वातीन दिवसच काम, असं मात्र कुणी समजू नये. पगार ६५ टक्क्यांचा असतो. प्रबंधाचं काम उरलेल्या वेळात करायचं, असं कागदावर धरलेलं असतं.

काही जागा करारावर नसून शिष्यवृत्तीवर असतात. रक्कम हातात मिळणाऱ्या पगाराच्या जवळपास दिसली, तरी पेन्शन आणि बेकारी विम्यात काही जमा होत नाही आणि आरोग्य विमा स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. दोन्ही प्रस्ताव हातात असतील तर करार घ्यावा.

नेदरलँड्समध्ये पूर्णवेळ पगार तीन हजार युरोच्या आसपास सुरू होतो आणि दरवर्षी वाढतो. वर ८ टक्के सुट्टी भत्ता आणि ८.३ टक्के वर्षअखेरची रक्कम मिळते. मुदत चार वर्षं, पण पहिला करार वर्ष-दीड वर्षाचा असतो आणि त्यानंतर मूल्यमापन होऊन पुढचा मिळतो. स्वीडनमध्येही चार वर्षं. शिकवण्याचं किंवा विभागाचं काम २० टक्क्यांपर्यंत दिलं तर तीच पाच होतात. डेन्मार्कमध्ये तीन, आणि ती कडक तीन असतात.

जागा शोधताना: पैसा कुठे आला ते बघा

संकेतस्थळांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात, तरी एका दमात सांगून टाकतो: युरोपभरासाठी युराक्सेस, जर्मनीसाठी डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचं पीएचडी-जर्मनी आणि अकॅडेमिक्स, नेदरलँड्ससाठी अकॅडेमिक ट्रान्स्फर, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके. स्वीडनच्या जागा विद्यापीठांच्या स्वतःच्या नोकरीच्या पानांवर येतात. शिवाय प्रत्येक विषयाचा एक स्वतःचा कट्टा असतो. उत्क्रांती आणि परिसंस्थाशास्त्रवाल्यांसाठी इव्होलडिर, उच्च ऊर्जा भौतिकीसाठी इन्स्पायरची नोकऱ्यांची यादी. विषयाच्या कट्ट्यावर आलेली जागा मोठ्या संकेतस्थळांवर कधीकधी येतच नाही, त्यामुळे तुमच्या विषयाचा कट्टा कोणता हे विभागातल्या एखाद्या पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्याला, विचारून घ्या.

पण जाहिरात आल्यावर धावणारे सगळेच असतात. जाहिरात कुठून येणार याचा माग आधीच लागू शकतो, कारण संशोधनाचा पैसा जाहीरपणे वाटला जातो आणि त्याच्या तारखा ठरलेल्या असतात.

जर्मन संशोधन निधी संस्था, म्हणजे डीएफजी, वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या सुमारास, नवे संशोधन प्रशिक्षण गट आणि सहयोगी संशोधन केंद्रं जाहीर करते. प्रशिक्षण गट म्हणजे एकाच विषयाभोवती जमलेले प्राध्यापक आणि त्यांच्याकडे एकदम निघणाऱ्या पीएचडीच्या जागांची तुकडी. जास्तीत जास्त नऊ वर्षं पैसा मिळतो आणि साधारण दर तीन वर्षांनी नवी तुकडी घेतात. मेच्या यादीत तुमच्या विषयाचा गट दिसला, की पुढच्या काही महिन्यांत जाहिरात येणार हे धरून चालावं. डीएफजीने पैसे दिलेल्या प्रकल्पांची माहिती गेप्रिस नावाच्या खुल्या सूचीत असते. युरोपीय संघाच्या प्रकल्पांची कॉर्डिसमध्ये. दोन्हीकडे विषयाचा शब्द टाकून शोधता येतं, आणि प्रकल्प कधी सुरू झाला तेही दिसतं.

युरोपीय संशोधन परिषदेची अनुदानंही अशीच पाहावीत. नवोदित संशोधकांसाठीचं 'स्टार्टिंग' अनुदान पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत असतं आणि निकाल साधारण सप्टेंबरात लागतात. ज्याला ते मिळालं त्याला लगेच माणसं हवी असतात. डीएफजीचं एमी न्योटर अनुदान मिळवून नुकताच गट उभारणारा प्रमुखही तसाच. नाव झालेल्या प्राध्यापकाकडे मेलचा ढीग साचलेला असतो. या नव्या गटप्रमुखाची पेटी बरीच रिकामी असते आणि तो स्वतः उत्तर देतो. त्याच्याकडे पीएचडी पूर्ण केलेले विद्यार्थी अजून नसतात, हा धोका खरा आहे, पण रोजचं मार्गदर्शन मिळण्याची शक्यताही तिथेच जास्त.

तिसरा मार्ग युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कचा. एका जाळ्यात अनेक देशांतल्या संस्था, प्रत्येकीकडे एक-दोन जागा, मिळून दहा-पंधरा. कुठल्याही राष्ट्रीयत्वाच्या उमेदवाराला अर्ज करता येतो. पगार चांगला. पण जाहिरातीत दाखवलेल्या रकमेतून मालकाच्या वाट्याची सामाजिक विम्याची वर्गणीही जाते, म्हणून हातात येणारा आकडा बराच खाली असतो. आणि एक अट अशी आहे की तिच्यावर दरवेळी कुणीतरी अडकतं: रुजू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम-शिक्षण केलेलं नसावं. पुण्याहून थेट अर्ज करणाऱ्याला याचा काहीच अडथळा नाही. पण आखेनला दोन वर्षं मास्टर्स करून लगेच अर्ज करणाऱ्याला जर्मनीतली जागा बंद. त्याच जाळ्यातली फ्रान्स किंवा इटलीतली जागा मात्र खुली. अट न वाचता जर्मनीच्या जागेला अर्ज केला तर गुण कितीही असोत, अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो.

माक्स प्लांकच्या संशोधन शाळा, म्हणजे आयएमपीआरएस, यांचं वेळापत्रक मात्र प्रवेशासारखंच असतं. बहुतेकांची मुदत सप्टेंबर ते जानेवारीच्या दरम्यान, मग दोन-तीन दिवसांच्या मुलाखती, आणि रुजू पुढच्या उन्हाळ्यात किंवा शरदात. माक्स प्लांक स्वतः पदवी देत नाही. ती जोडीच्या विद्यापीठाची मिळते.

एक जाहिरात उलगडून

समजा अशी जाहिरात आहे: 'शेतीप्रधान खोऱ्यातल्या भूजलातील नायट्रेटचं त्रिमितीय प्रारूप. एक पीएचडी पद, टीव्ही-एल ई-१३ ६५ टक्के, ३६ महिने. आवश्यक: भूविज्ञान, जलविज्ञान किंवा संबंधित विषयात मास्टर्स, भूजल प्रारूपाचा अनुभव, इंग्रजी. इष्ट: पायथन, क्षेत्रकामाचा अनुभव, जर्मन. अर्ज एका पीडीएफमध्ये, संदर्भ क्रमांकासह. नेमणूक निधीच्या मंजुरीच्या अधीन.'

सगळ्यात आधी शेवटची ओळ वाचा. 'निधीच्या मंजुरीच्या अधीन' म्हणजे पैसा अजून आलेला नाही. अर्ज जरूर करा, पण निवड झाली म्हणून दुसरा प्रस्ताव नाकारू नका.

नंतर आवश्यक आणि इष्ट यांतली रेघ. सार्वजनिक संस्थांत निवड समितीला नकाराचं कारण लेखी ठेवावं लागतं, म्हणून आवश्यक रकान्यातल्या प्रत्येक अटीपुढे तुमच्या अर्जात ठळक पुरावा हवा. 'भूजल प्रारूपाचा अनुभव' याचा पुरावा बायोडेटाच्या दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीत दडला असेल, तर तो नसल्यात जमा. इष्ट रकान्यातलं अर्धं जुळलं तरी अर्ज करावा. आपल्याकडची मुलं, विशेषतः मुली, इष्ट गोष्टींतली एखादी नाही म्हणून अर्जच करत नाहीत. तसं करण्याचं काही कारण नाही.

३६ महिने हा आकडाही तपासून घ्यायचा. जर्मनीत पीएचडीला चार वर्षं किंवा त्याहून जास्त लागणं सर्रास आहे. करार तीन वर्षांचा आणि काम चारचं, तर चौथ्या वर्षाचा पगार कोण देणार, हे मुलाखतीत विचारायचा प्रश्न आहे.

आता पत्र. एक पान. 'लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ होती' किंवा 'आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात' अशी सुरुवात केलेली पत्रं ढिगाने येतात, आणि हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेल्या पत्रांमुळे सगळ्यांचा सूरही एकसारखा झालाय. वरच्या जाहिरातीला मराठवाड्यातला एखादा भूविज्ञानाचा विद्यार्थी असं लिहू शकतो: 'एमएस्सीच्या प्रबंधात मी दख्खनच्या बेसाल्टमधल्या ४० विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजली आणि मॉडफ्लोमध्ये द्विमितीय प्रारूप केलं. भेगाळ खडकात पाण्याची वहनक्षमता ठिकठिकाणी बदलते, त्यामुळे प्रारूप उन्हाळ्यातल्या पातळ्यांना जुळेना. मी क्षेत्राचे तीन भाग पाडून मापनशोधन (कॅलिब्रेशन) पुन्हा केलं. तुमच्या खोऱ्यात गाळाचा जलधर आहे, तिथे ही अडचण वेगळ्या रूपात येईल.' चार वाक्यांत साधन कळलं, अडचण कळली, उपाय कळला आणि जाहिरात वाचल्याचंही कळलं. याच्यापुढे 'मी मेहनती आणि चिकाटीचा आहे' लिहायची गरजच उरत नाही.

कागदपत्रं, जिथे आपले अर्ज खरोखर अडकतात

बायोडेटा दोन पानांचा. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, दहावीचे गुण आणि शेवटी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' असं सहीचं निवेदन, हे सगळं काढून टाका. तंत्रं आणि सॉफ्टवेअर लिहिताना पातळी लिहा: 'पायथन' एवढंच न लिहिता त्यात काय केलं ते. प्रकाशनांच्या यादीत पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकातला निबंध असेल, तर तो फायद्यापेक्षा तोटा जास्त करतो. यादी रिकामी असणं मास्टर्सच्या उमेदवारासाठी अगदी सामान्य आहे.

गुणांचं रूपांतर जर्मन विद्यापीठं साधारणपणे एका सूत्राने करतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी ८.२ सीजीपीए असेल आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४ असेल तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. तिथे १ सर्वांत चांगला आणि ४ काठावर पास, म्हणून १.९ चांगलाच. शंभरपैकी ६८ टक्के आणि उत्तीर्ण मर्यादा ४० असेल तर २.६ येतो. बायोडेटात आपला मूळ आकडाच लिहावा आणि उत्तीर्ण मर्यादा शेजारी द्यावी. रूपांतर त्यांना करू द्या. मर्यादाच लिहिली नाही तर समोरचा ती दहापैकी ५ धरू शकतो, आणि तुमचा १.९ घसरून २.१ होतो.

विद्यापीठाला मान्यता आहे का हे अनाबिन या जर्मन सूचीत पाहतात. तिथे आपल्या कॉलेजचं नाव शोधू नका. पदवी देणारं विद्यापीठ शोधा. फर्ग्युसनमध्ये शिकलात तरी पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. बायोडेटातही विद्यापीठ आधी, कॉलेज कंसात.

नावाचा घोळ महाराष्ट्राचा खास आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे दोन रकाने, आणि वडिलांचं नाव कधी पहिल्या रकान्यात असतं, कधी नसतंच. तिकडच्या मनुष्यबळ विभागाला हे तीन वेगळे लोक वाटू शकतात. अर्ज, मेल, ऑर्किड हा संशोधकाचा ओळख क्रमांक, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव वापरा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र इंग्रजीत तयार ठेवा.

पदवी प्रमाणपत्राचंही आधीच बघा. आपल्या विद्यापीठांत निकाल लागला की प्रमाणपत्र आपोआप हातात येत नाही. दीक्षांत समारंभासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो आणि मध्ये महिने जातात. अर्ज करताना तात्पुरतं प्रमाणपत्र चालतं, पण डॉक्टरेटच्या नोंदणीला मूळ पदवी मागतात. निकालाच्या आठवड्यातच फॉर्म भरा आणि सोबत ट्रान्सक्रिप्टच्या तीन-चार सीलबंद प्रतीही मागवून ठेवा.

शिफारसपत्राला विभागप्रमुखांचं किंवा प्राचार्यांचं नाव मोठं वाटतं, पण 'शिस्तप्रिय आणि हुशार विद्यार्थी' एवढं दोन ओळींचं पत्र निरुपयोगी. ज्यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही सहा महिने बसलात त्या मार्गदर्शकांचंच नाव द्या, त्या कंत्राटी साहाय्यक प्राध्यापक असल्या तरी. मॅडमना किमान तीन आठवडे आधी सांगा आणि जाहिरात, बायोडेटा आणि तुमच्या कामाचे पाच-सहा मुद्दे एकत्र पाठवा. अर्जप्रणाली त्यांना स्वतःहून दुवा पाठवते आणि काही प्रणाली जीमेलचे पत्ते स्वीकारतच नाहीत. विद्यापीठाचा मेल पत्ता त्या उघडतात का, हे विचारून मगच तो द्या, नाहीतर दुवा तिथे पडून राहतो आणि तुमचा अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला जातो.

पीडीएफचा आकार जाहिरातीत दिलेला असतो, बहुधा ५ ते १० एमबी. मोबाइलवर काढलेले गुणपत्रिकांचे फोटो जोडले की फाइल सहज ४० एमबी होते. करड्या रंगात, २०० डीपीआयवर स्कॅन केलं तर अक्षर नीट दिसतं आणि फाइल आटोक्यात राहते. फाइलच्या नावात आडनाव आणि संदर्भ क्रमांक हवा.

जाहिरात नसताना मेल पाठवायचा तर

स्वीडनमध्ये पदं जाहीर करूनच भरतात, त्यामुळे तिथे आगाऊ मेलचा फारसा उपयोग नाही. जर्मनीत होतो, कारण तिथे अजूनही पुष्कळ पीएचडी प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातल्या थेट बोलण्यातून ठरतात.

मेल दीडशे-दोनशे शब्दांचा. विषयाच्या ओळीत 'पीएचडीबद्दल चौकशी' असं न लिहिता कामाचा शब्द यावा: 'बेसाल्ट जलधरातील प्रारूपाचा अनुभव, ऑक्टोबरपासून पीएचडीसाठी उपलब्ध'. सुरुवातीला 'रिस्पेक्टेड सर' नको. 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव. प्राध्यापक बाई असतील आणि तुम्ही 'सर' लिहिलं असेल तर पुढचं वाचलं जात नाही. मग स्वतःबद्दल दोन वाक्यं, त्यांच्या अलीकडच्या एका निबंधातल्या नेमक्या गोष्टीबद्दल दोन, आणि सरळ प्रश्न: येत्या वर्षभरात जागा निघणार आहे का, किंवा शिष्यवृत्तीसाठी एकत्र अर्ज करता येईल का. बायोडेटा जोडा, बाकी काही नको. दोन आठवड्यांनी एकदा आठवण, त्यानंतर थांबा. ऑगस्टमध्ये आणि ख्रिसमस ते जानेवारीचा पहिला आठवडा या काळात पाठवलेला मेल रजेवरच्या पेटीत बुडतो. एकच मेल पन्नास जणांना पाठवणारे लगेच ओळखू येतात, आणि एकाच विभागातल्या तिघांना तो गेला तर तिघे जेवणाच्या टेबलावर त्याबद्दल बोलतात.

मुलाखत

सहसा ऑनलाइन, अर्धा ते पाऊण तास. आधी दहा-पंधरा मिनिटं मास्टर्सच्या कामाचं सादरीकरण. आठ-दहा स्लाइड पुरतात. वेळ भारताच्या मानाने उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते; मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा फरक बदलतो, त्या आठवड्यात मुलाखत असेल तर वेळ लेखी पक्की करून घ्या.

प्रश्न पाठांतराचे नसतात. 'हे प्रारूप चुकीचं असेल तर ते कसं कळेल?', 'यातलं तुम्ही स्वतः काय केलं आणि मार्गदर्शकांनी काय सांगितलं?', 'काय जमलं नाही?' शेवटच्या प्रश्नाला आपल्याकडे 'सगळं ठीक झालं' असं उत्तर देण्याची सवय आहे, आणि तेच सर्वांत वाईट उत्तर. माहीत नसेल तर 'माहीत नाही, पण मी असं तपासून पाहीन' म्हटलेलं चालतं.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं विचारतील. तिथे गप्प राहणं म्हणजे संधी घालवणं. रोजचं मार्गदर्शन कोण करणार, आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत, करार संपल्यावर मुदतवाढीची सोय काय, शिकवणं किती. गटातल्या एखाद्या सध्याच्या विद्यार्थ्याशी एकांतात बोलता येईल का, असंही विचारा. चांगला गटप्रमुख लगेच मेल पत्ता देतो. टाळाटाळ झाली तर त्याची नोंद घ्या.

होकार आल्यानंतर

तोंडी किंवा मेलवरचा होकार म्हणजे करार नव्हे. टक्केवारी, मुदत आणि रुजू होण्याची तारीख लेखी आल्याशिवाय इथली नोकरी सोडू नका. व्हिसासाठी वेळ लागतो, म्हणून तारीख तीन-चार महिने पुढची मागावी. याला कुणी वाईट मानत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचं काम मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे असतं. नोकरीचा करार असेल तर संशोधकाचा व्हिसा, नाहीतर विद्यार्थ्याचा. विद्यार्थी व्हिसाला पगार किंवा शिष्यवृत्ती नसेल तर गोठवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पुरेसा पगार असलेल्याला ही भानगड नाही. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे भारतीय पदव्यांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, लागतं की नाही हे तुमच्या व्हिसाच्या प्रवर्गावर ठरतं, ते दूतावासाच्या चालू यादीतच पाहा, ओळखीच्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून ठरवू नका.

या सगळ्या वाटेत प्रयोगशाळा किंवा विद्यापीठ तुमच्याकडे 'जागा राखण्यासाठी' पैसे मागत नाही. जर्मनीत डॉक्टरेटला बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्कही नसतं, दर सत्राची वर्गणी तेवढी असते. पीएचडीची 'सीट' मिळवून देतो म्हणून लाखांत पैसे घेणारे सल्लागार प्रत्यक्षात तुमचा बायोडेटा शंभर जणांना पाठवण्यापलीकडे काही करत नाहीत, आणि त्याने तुमचं नाव खराब होतं. आर्थिक पाठबळ हवं असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएचडीलाही लागू आहे. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहून मगच विद्यापीठ निवडा, कारण चांगला गट आणि वरची क्रमवारी नेहमी एकाच ठिकाणी नसतात.

जाताना हाताशी दोन-तीन हजार युरो ठेवावेत. घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो, पहिला पगार महिनाअखेरीस येतो, आणि कराचा क्रमांक वेळेत पोचला नाही तर पहिल्या पगारातून कर चढ्या दराने कापला जातो. तो पुढे परत मिळतो. राहण्याचा पत्ता नगरपालिकेत नोंदवल्यावरच हा क्रमांक टपालाने येतो आणि नोंदणीची वेळ मोठ्या शहरांत आठवडे आधी घ्यावी लागते. ती पुण्यातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा, आणि घरमालकाकडून राहत असल्याचं सहीचं पत्र मागायला विसरू नका, त्याशिवाय नोंदणी होत नाही.